धंदा मांडण्यापूर्वीं घरांत मांडावयाचा हिशेब

धंदा करावा कीं करूं नये, हा वाद आपल्या घरांतून आतां बहुतेक मावळला आहे. पूर्वीं मुलगा मॅट्रिक झाला, कीं त्याच्यासाठीं नोकरी पाहावयाची, आणि नोकरी लागली, कीं मुलगी पाहावयाची, असा क्रम ठरलेला असे. आज मुलगा नोकरी सोडून दुकान काढूं म्हणतो, सून घरीं कांहीं करून विकूं म्हणते, आणि वडील माणसांना त्यांत वावगें वाटत नाहीं. हें इष्टच झालें. कौटिल्यानें विद्या चार सांगितल्या, त्यांत आन्वीक्षिकी, त्रयी व दंडनीति यांच्या पंक्तीस 'वार्ता' बसविली आहे. आणि वार्ता म्हणजे शेती, पशुपालन व व्यापार. ज्या विषयास त्यानें विद्येचा मान दिला, त्यास आपण कमी लेखण्याचें कारण नाहीं. मात्र विद्या म्हटली कीं अभ्यास आला, आणि अभ्यास परीक्षेच्या आधीं करावयाचा असतो. आमच्यासारखीं नोकरदार माणसें धंद्यांत शिरतांना नेमकें हेंच विसरतात. आम्ही विसरलों होतों, आणि त्याची किंमत आमच्या घरानें मोजलेली आहे. म्हणून हा लेख.

गेल्या वर्षीं आषाढांत एके दिवशीं दिवेलागणीनंतर आमच्या दोघी सुना कागद घेऊन पुढ्यांत येऊन बसल्या. धाकटीनें विषय काढला. "अप्पा, आम्ही दोघी थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट घरीं करून विकावें म्हणतों. सगळे म्हणतात, तुमच्यासारखी भाजणी बाजारांत मिळत नाहीं. श्रावणापासून सुरुवात करूं. तुमचा आशीर्वाद हवा."

आम्हीं आशीर्वाद दिला नाहीं, पेन्सिल मागितली. थोरलीचा चेहरा उतरला. "मुलींचा उत्साह असा मोडूं नये," असें आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून सुनावलें. कोपऱ्यांत जपमाळ घेऊन बसलेल्या आमच्या वहिनी मात्र कांहीं बोलल्या नाहींत. आम्हीं पेन्सिल कां मागितली, हें त्या घरांत त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हतें.

एका दुकानाची गोष्ट

१९८९ सालीं आम्हीं व आमच्या थोरल्या बंधूंनीं मिळून शाळेच्या रस्त्यावर वह्या-पुस्तकांचें दुकान घातलें. आमची नोकरी असल्यामुळें दुकान दादांच्या नांवें होतें. पैसा मात्र दोघांचा. आम्हीं शिल्लक टाकलेले अठरा हजार रुपये दिले. दादांजवळ रोकड नव्हती. वहिनींनीं हातांतल्या पाटल्या काढून दिल्या, आणि त्या गहाण ठेवून बारा हजार उभे केले. कागद म्हणून कसला केला नाहीं. सख्ख्या भावांत कागद करणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आमची समजूत होती.

जून महिना फार चांगला गेला. शाळा उघडली, दुकानापुढें रांग लागली, आणि भरलेला गल्ला पाहून वर्षभर असेंच चालणार, असें आम्हांस वाटलें. जुलैंत रांग ओसरली. पुढचे दहा महिने खोडरबर आणि पेन्सिली यांच्यावर काढावयाचे होते, हें आम्हीं कोठें मांडूनच पाहिलें नव्हतें. गिऱ्हाईक सारें ओळखीचें. "मास्तर, पगार झाला कीं देतों," असें म्हणून वह्या जात. ज्याच्या मुलास आपण वर्गांत शिकवितों, त्याच्या दारीं सव्वाशे रुपयांसाठीं जावें कसें, या संकोचांत उधारीची वही जाड होत गेली. इकडे दूधवाला आला, गल्ल्यांतून पैसे. डॉक्टरांचें बिल आलें, गल्ल्यांतून पैसे. गौरी-गणपति आले, गल्ल्यांतून पैसे. दुकान घरास पोसतें कीं घर दुकानास खातें, हें सांगणारें एकहि पान आमच्या हिशेबांत नव्हतें. त्यांतच एका वर्षीं कांहीं पाठ्यपुस्तकें बदललीं, आणि उरलेला जुना माल रद्दीच्या भावानें द्यावा लागला.

१९९२ च्या मे महिन्यांत दुकान बंद झालें. नुकसान किती, हें आम्हां दोघां भावांनीं निरनिराळें मोजलें, आणि दोघांचीं उत्तरें जुळलीं नाहींत. दादा म्हणत, उधारी तुझ्या ओळखीपायीं बुडाली. आम्ही म्हणत असूं, गल्ला तुम्हीं राखला नाहीं. दोन्ही खरें होतें. त्या वर्षीं दिवाळीस एका घरांत दोन चुली पेटल्या. पाटल्या सुटल्या नाहींत. पुढें पुतणीच्या लग्नांत वहिनी मांडवांत वावरत होत्या, तेव्हां त्यांच्या हातांत नुसता कांचेचा चुडा होता. त्यांनीं आम्हांस कधीं एका शब्दानें बोल लाविला नाहीं. लाविला असता, तर आम्हांस हलकें वाटलें असतें. दादा गेल्यावर त्या पुन्हां आमच्यांत राहावयास आल्या.

हें सर्व येथें उघड करण्याचें कारण एवढेंच, कीं बुडालेला पैसा मनुष्य पुन्हां मिळवूं शकतो. पण एकत्र घरांत धंदा बुडाला, म्हणजे पैशाबरोबर माणसेंहि तुटतात, आणि तीं जोडावयास वर्षें लागतात. ज्या गोष्टी घरांत, सर्वांसमक्ष, कागदावर ठरवून घ्यावयाच्या, त्या न ठरवितां आम्ही बाजारांत गेलों. त्या गोष्टी कोणत्या, तें आमच्या सुनांच्या कागदावरूनच सांगतों.

फुकटच्या श्रमांचें मोल

धाकटीनें कागदावर नफा काढून आणलाच होता. दहा किलो धान्य व डाळी, म्हणजे तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची व उडदाची डाळ आणि बरोबर धणे-जिरे, यांस ९०० रुपये. दळणावळ १०० रुपये. पिशव्या व चिठ्ठ्या ११४ रुपये. भाजून, दळून साडेनऊ किलो भाजणी भरते. अर्ध्या किलोचीं १९ पाकिटें. पाकिटास १०० रुपये घेतले, तर १,९०० रुपये हातीं. तिचा नफा झाला ७८६ रुपये.

आम्हीं विचारलें, "गॅस कोणाचा?" ती म्हणाली, "घरचाच." आम्हीं ८० रुपये मांडले. नफा ७०६ झाला. मग विचारलें, "निवडणें, धुणें, वाळवणें, भाजणें, गिरणींत नेणें, वजन करून भरणें, याला वेळ किती?" दोघींनीं एकमेकींकडे पाहून सांगितलें, "प्रत्येकीचे सहा तास तरी जातील." म्हणजे बारा तास. ताशीं केवळ ५० रुपये धरले, तरी ६०० रुपये. नफा राहिला १०६ रुपये. मग शेवटचें विचारलें, "विकणार कोण?" कोपऱ्यावरचा दुकानदार ठेवून घ्यावयास तयार होता, त्याची अडत शेंकडा वीस. १,९०० चे ३८० रुपये त्याचे. म्हणजे प्रत्येक दहा किलोमागें आमच्या सुना २७४ रुपयांच्या तोट्यांत धंदा करणार होत्या, आणि सांगत फिरणार होत्या, कीं नफा ७८६ होतो!

थोरली म्हणाली, "पण अप्पा, आमच्या कामाचे पैसे कशाला धरावयाचे? घरींच तर असतों आम्ही." वाचकहो, आमच्या मतें घरगुती धंद्यांतील सर्वांत मोठी चूक हीच. घरांतील बायकांचे श्रम हिशेबांत शून्य धरले, म्हणजे कोणताहि धंदा फायद्याचा दिसतो. पण तें शून्य टिकत नाहीं. एखादी आजारी पडली, बाळंतपणास गेली, किंवा नुसती कंटाळली, कीं त्या कामास बाहेरची बाई लावावी लागते, आणि ती शून्य रुपयांत येत नाहीं. शिवाय जाणारा वेळ कशांतून तरी येतो. मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचा चहा, स्वतःची दुपारची विश्रांति, यांतूनच ते बारा तास कापले जाणार. तेव्हां मजुरी प्रत्यक्ष उचलो वा न उचलो, ती वहींत लिहिलीच पाहिजे. आज आपण धंद्यास काय देणगी देत आहों, हें तरी त्यावरून कळतें.

मग पाकिटाची किंमत १३० करून पाहिली. १९ पाकिटांचे २,४७० रुपये. दुकानदाराचे ४९४ गेले, उरले १,९७६. जिन्नस, दळण, गॅस व पिशव्या यांचे १,१९४ गेले, उरले ७८२. दोघींची मजुरी ६०० वजा जातां १८२ रुपये शिल्लक. घरून थेट विकलें, तर दुकानदाराचे ४९४ हि वांचतात. म्हणजे १३० ला हा धंदा जेमतेम उभा राहतो, आणि १०० ला बसतो. हे भाव आमच्या गांवचे व त्या महिन्याचे आहेत. वाचकांनीं आपापल्या बाजाराचे घालावे. रीत मात्र हीच ठेवावी.

तोंडची स्तुति आणि हातचा पैसा

आतां प्रश्न राहिला, कीं १३० रुपये देणारा कोण? "सगळे म्हणतात" या दोन शब्दांवर किती संसार धंद्यांत उतरले असतील, याची गणती नाहीं. आमच्या न्यायशास्त्रांत स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे. भात शिजला कीं नाहीं, हें पाहावयास पातेल्यांतील एक शीत चेपून पाहिलें कीं पुरतें. परंतु हा न्याय लागू होण्यास एक अट आहे: चेपलेलें शीत त्याच पातेल्यांतील असलें पाहिजे. आपल्या घरीं फुकट थालिपीठ खाऊन वाहवा करणारी शेजारीण ही बाजाराच्या पातेल्यांतील शीत नव्हे. ज्याला आपली ओळख नाहीं, जो पूर्ण किंमत मोजतो, आणि पिशवी संपल्यावर आपण होऊन दुसऱ्यांदां येतो, तोच आपलें खरें गिऱ्हाईक.

म्हणून आम्हीं सुनांस एकच घाणा करावयास सांगितला आणि १९ पाकिटें १३० रुपयांस विकून येण्यास सांगितलें. दहा दिवसांत तीं गेलीं. पण कोणास गेलीं, हें लिहून ठेवण्याची अट होती. बारा नातलग व ओळखीचे निघाले. त्या बारांवर आम्हीं काट मारली. अनोळखी सात. त्यांपैकीं महिन्याभरांत चौघे परत आले. चार हा आकडा लहान आहे. परंतु सबंध आषाढांत कानांवर आलेल्या स्तुतीपेक्षां तो आम्हांस अधिक विश्वासाचा वाटला. मेतकुटाचें असेंच करून पाहिलें, तों अनोळखी गिऱ्हाईक एकहि परतलें नाहीं. तें त्यांनीं तूर्त सोडून दिलें.

माल चांगला असला, कीं तो आपोआप खपतो, ही दुसरी भोळी समजूत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ मध्यें बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते, अशा समजुतीमुळें शेतकरी तो घेईनात, आणि चांगला नांगर दीर्घकाळ पडून राहिला. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या सर्व कसोट्यांनंतर. इतक्या कर्तृत्ववान् पुरुषास जेथें गिऱ्हाइकाच्या मनाची वाट पाहावी लागली, तेथें आपण पहिल्या आठवड्यांत निराश होणें किंवा पहिल्या आठवड्यांत हुरळून जाणें, दोन्ही अयोग्य. शेजारच्याचें दुकान चाललें म्हणून तेंच दुकान आपण घालणें, हाहि काकतालीयन्याय. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, म्हणून आपणहि कावळा होऊन ताडावर बसूं नये.

अडकलेला पैसा आणि पावसाळा

आमचें दुकान नफ्या-तोट्याच्या आधीं रोख पैशाच्या टंचाईनें घायकुतीस आलें होतें. धंद्यांत नफा कागदावर असतो आणि धान्यवाल्यास द्यावयाचा पैसा हातांत लागतो. समजा, आठवड्यास दहा किलो भाजणी केली व ती सारी दुकानदाराकडे ठेवली. तो महिनाअखेर हिशेब करणार, आणि "पुढच्या सोमवारीं या" म्हणणार. म्हणजे पहिला रुपया परत येण्यापूर्वीं पांच घाणे करावे लागले. ५,९७० रुपये गुंतले, आणि यांत मजुरी धरलेलीच नाहीं. हेंच खेळतें भांडवल. पुष्कळ जण सर्व पैसा यंत्रावर, पाटीवर व उद्घाटनाच्या पेढ्यांवर घालवितात, आणि दुसऱ्या महिन्यांत धान्य आणावयास कर्ज काढतात. तराजू आणि पाकिटें बंद करण्याचें यंत्र यांच्या आधीं हे सहा हजार बाजूस काढावे.

ऋतूचाहि विचार आधींच करावा. 'लिज्जत'च्या भगिनींचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशीं चार पाकिटें झालीं. तीं भुलेश्वरांतील एका ओळखीच्या व्यापाऱ्यास दिलीं. पहिल्याच वर्षीं पावसाळ्यांत पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खालीं शेगडी, अशी युक्ति करून पावसांतहि काम चालू ठेविलें. हिशेब चोख ठेवावा आणि हलक्या प्रतीचा माल काढूं नये, हा त्यांना ८० रुपये देणाऱ्या छगनलाल पारेख यांचा सल्ला त्यांनीं मानला. आणि तोटा आला तरी देणगी मागावयाची नाहीं, असें प्रथमपासून ठरविलें होतें. त्या सातजणींतील जसवंतीबेन पोपट यांस २०२१ मध्यें पद्मश्री मिळाली. वाचकांनीं पद्मश्रीकडे पाहण्याआधीं त्या खाटेकडे व शेगडीकडे पाहावें. लोहाराकडे सुई आणि कढई अशीं दोन कामें आलीं, तर तो आधीं सुई करून देतो. यास सूचीकटाहन्याय म्हणतात. चार पाकिटें म्हणजे सुई. कढईचें काम मागाहून.

किती गेलें तर थांबावयाचें?

यावर आम्हांस सर्वांत अधिक सांगावयाचें आहे. धंदा केव्हां सुरू करावा, हें सारे विचारतात. केव्हां बंद करावा, हें कोणी विचारीत नाहीं. बुडत्या दुकानांत मनुष्य आणखी पैसा कां घालतो? पूर्वींचा पैसा वांचावा म्हणून. आम्हीं १९९० मध्येंच थांबलों असतों, तर पाटल्या सोडवितां आल्या असत्या. पण त्या वेळीं थांबणें म्हणजे हार, असें वाटलें. आणि किती तोट्यास हार म्हणावयाचें, हें आधीं ठरलेलें नव्हतें. मन शांत असतां जी मर्यादा दोन मिनिटांत लिहितां येते, ती संकटांत सांपडल्यावर दोन वर्षांत सुचत नाहीं.

आम्हीं सुनांस सांगितलें, "एक आंकडा लिहा. तेवढा गेला, तर पुढचा विचार न करतां थांबावयाचें." दोघींनीं बेरीज केली. तराजू, मोठीं पातेलीं व पाकिटें बंद करण्याचें यंत्र यांस ९,०००. खेळतें भांडवल ६,०००. दिवाळीच्या जास्त मालासाठीं ९,०००. एकूण २४,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. कर्जाची गोष्टहि निघाली. २०१५ पासून चाललेल्या मुद्रा योजनेंत 'शिशु' गटांत ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणावांचून मिळतें, हें धाकटीच्या नवऱ्यानें सांगितलें. आम्हीं म्हटलें, तारण नाहीं म्हणजे फेड नाहीं, असा अर्थ कोणीं करूं नये. हप्ता पहिल्या महिन्यापासून दारांत उभा राहतो. गिऱ्हाईक केव्हां येईल, तें त्याच्या मर्जीवर. पहिलें वर्ष आपल्या पैशानें काढावें. कर्ज काढावयाचें, तर ज्याची मागणी सिद्ध झाली आहे, तें वाढविण्यासाठीं काढावें.

तेवढ्यांत कोपऱ्यांतून वहिनी बोलल्या. इतक्या वर्षांत त्या विषयावर त्या प्रथमच बोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तेव्हां हें असें कुणीं मांडलें असतें, तरी मीं पाटल्या दिल्याच असत्या. पण किती दिवसांसाठीं देतें, तें विचारलें असतें."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्यांनींच पेन्सिल मागून घेतली, आणि २४,००० च्या खालीं आपल्या हातानें लिहिलें: "घरांतलें सोनें गहाण पडणार नाहीं." तें कलम आमच्या कागदांत अजून तसेंच आहे.

माणसामाणसांतला कागद

दोघी जावा मिळून धंदा करणार, म्हणजे ती भागीदारीच झाली. तोंडी असली म्हणून ती भागीदारी राहत नाहीं, असें नव्हे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार एकत्र व स्वतंत्रपणें जबाबदार असतो. एकीनें केलेलें देणें दुसरीच्या दारीं येऊं शकतें. नोंदणी न केलेल्या पेढीस कराराच्या पैशासाठीं बाहेरच्यावर दावा लावण्यासहि अडचण येते. धंदा एकत्र कुटुंबाचा म्हणून कर्त्यानें चालविला, तर त्यासाठीं काढलेल्या कर्जास मिळकतींतील इतरांचे हिस्सेहि बांधले जाऊं शकतात. म्हणजे ज्यांस विचारलेंहि नाहीं, त्यांचें घर पणास लागतें. देण्याची जबाबदारी मर्यादित ठेवणारे प्रकार आहेत. २००८ च्या कायद्यानें मर्यादित दायित्वाची भागीदारी निघाली आहे. परंतु तिचे वार्षिक हिशेब व कागदपत्रें लहान धंद्यास जड जातात. उलाढाल वाढेल, तेव्हां वकिलांस विचारून तें पाहावें.

आमच्या सुनांनीं एका पानांत एवढेंच लिहिलें: भांडवल कोणाचें किती, नफा-तोटा निम्मा-निम्मा, खरेदी थोरली पाहील, वसुली व वही धाकटी, एकीस सोडावयाचें झालें, तर तिचा पैसा किती मुदतींत परत द्यावयाचा, बँकेंत धंद्याचें निराळें खातें, आणि घरच्या कोणत्याहि खर्चास त्यांतून पैसा निघणार नाहीं. घरीं खावयास भाजणी घेतली, तरी तिचे १३० रुपये डब्यांत पडतात. पहिल्या वेळीं आम्हांस तें चमत्कारिक वाटलें. स्वतःच्या घरचें थालिपीठ विकत घेऊन खाल्लें, आणि तें आम्हांस अधिक रुचलें.

ज्यांना असा कागद म्हणजे अविश्वास वाटतो, त्यांस आमचा अनुभव पुरे व्हावा. विश्वास होता म्हणून आम्हीं कागद केला नाहीं, आणि कागद नव्हता म्हणून विश्वास राहिला नाहीं.

सरकारी बाजू

हिचा बाऊ करूं नये, आणि तिकडे डोळेझांकहि करूं नये. खाद्यपदार्थ विकावयाचा, मग तो घरच्या चुलीवर कां केलेला असेना, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं उलाढालीप्रमाणें नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि त्याचा चौदा आंकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर करणाऱ्याचें नांव व पत्ता, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, किती दिवस टिकेल तें, आणि सर्व करांसह किंमत, हीं असलींच पाहिजेत. तराजू सरकारी छाप असलेला घ्यावा. घरगुती गॅसचें नळकांडें धंद्यास वापरण्यास मनाई आहे. तेव्हां गॅसची तरतूद निराळी करावी, आणि तिचा खर्च ८० रुपयांत बसतो कीं नाहीं, हें पुन्हां मोजावें. आमच्या सुनांस तो घाण्यामागें चाळीस रुपयांनीं वाढवून धरावा लागला, आणि १८२ चे १४२ झाले. बिऱ्हाड सोसायटींत असेल, तर तिचे नियम आधीं वाचावे.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा करांत, महाराष्ट्रांत केवळ माल विकणाऱ्यास वार्षिक ४० लाख उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणी करावी लागत नाहीं. मात्र परराज्यांत माल धाडला, तर ही सवलत गृहीत धरूं नये. 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. ती सरकारी संकेतस्थळावर आधारकार्डावरून विनामूल्य होते. त्यासाठीं पैसे मागणारा मध्यस्थ दारांतूनच परत पाठवावा. नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांच्या आंत दिले पाहिजेत, असा २००६ चा कायदा आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानदारावर दोन हजारांसाठीं कायदा काढण्यापेक्षां, पहिला हिशेब आल्याखेरीज दुसरा माल न देणें अधिक सोपें.

शेवटचें

खांब पुरतांना तो पुन्हां पुन्हां हालवून पाहतात, तो अधिक घट्ट बसावा म्हणून. स्थूणानिखननन्याय म्हणतात तो हाच. आमच्या पेन्सिलीचा हेतु तेवढाच होता. कागद पुरा झाला, दोघींनीं व दोघां मुलांनीं त्यावर सह्या केल्या, आणि मग आम्हीं आशीर्वाद दिला.

फाल्गुनअखेर आम्हीं वही पाहिली. दिवाळीस माल पुरला नाहीं. मार्गशीर्षांत तो पडून राहिला. एका दुकानदाराकडे अजून दीड हजार येणें आहे. त्याला माल देणें बंद केलें आहे. मजुरी पुरी लिहिली जाते. प्रत्यक्ष निम्मीच उचलतां आली. २४,००० पैकीं निम्म्याहून थोडे अधिक परत आले आहेत. आषाढांत वर्ष पुरें होईल. तेव्हां धंदा ठेवावयाचा कीं नाहीं, तें कागद पाहून ठरेल, आणि जें ठरेल त्यानें कोणाची मान खालीं जाणार नाहीं.

ज्या घरांत असा बेत चालू असेल, त्यांस आमची एकच सूचना. सर्व आकडे मांडून झाल्यावर तो कागद घरांतील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसास वाचून दाखवा, आणि त्याचें बोलणें होईपर्यंत थांबा. आम्ही १९८९ मध्यें थांबलों नाहीं.